मुका रोग व बोलकें यंत्र

आपल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत हिवतापाची ओळख कोणास करून द्यावी लागत नाहीं. अंगांत हुडहुडी भरली, दांतावर दांत वाजूं लागले कीं घरांतील लहान पोरही सांगतें, "हा हिवताप." विंचू चावला तर मनुष्य ओरडतो, दाढ दुखली तर गाल धरून बसतो. असे रोग आपली वर्दी आपणच देतात. परंतु कांहीं रोग चोरपावलांनीं घरांत शिरतात, वर्षानुवर्षें आपल्याच ताटांत जेवतात, आणि घराचा वासा मोडून पडेपर्यंत आपण आल्याची खबर लागूं देत नाहींत. मधुमेह हा त्यांतील प्रमुख होय. या मुक्या रोगाला बोलतें करणारीं लहान यंत्रें आतां आपल्या खेड्यापाड्यांपर्यंत येऊन पोंचलीं आहेत. तीं काय करूं शकतात, काय करूं शकत नाहींत, आणि त्यांच्या कामांत तुम्हां मुलांचा वांटा कोणता, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक घरगुती गोष्ट सांगतों. माझे वडील वनखात्यांत नोकरीस होते. उभा जन्म रानांत पायीं हिंडण्यांत गेला. अंगानें सडपातळ, कधीं अंथरुणास खिळले नाहींत. सेवानिवृत्त झाल्यावर चालणें थांबलें, आरामखुर्ची आली, आणि दिवसांतून पांच-सहा वेळां गोड चहा सुरू झाला. एके दिवशीं त्यांच्या डाव्या पायांत बाभळीचा कांटा मोडला. तो त्यांना समजलाच नाहीं. आठवड्यानंतर पायाला दुर्गंधि येऊं लागली तेव्हां आईच्या तें लक्षांत आलें. दवाखान्यांत नेलें त्या दिवशीं त्यांच्या रक्तांतील साखर आयुष्यांत प्रथमच मोजली गेली. आंकडा ४०० च्या वर होता. पाय घोट्याच्या वर कापावा लागला, आणि पुढील वर्षीं ते आम्हांस सोडून गेले. हा रोग निदान दहा वर्षें त्यांच्या शरीरांत असावा असें डॉक्टर म्हणाले. त्या दहा वर्षांत रक्ताचा एक थेंब तपासून पाहावा, असें आम्हांपैकीं कोणासही सुचलें नाहीं. मी त्या वेळीं पदवीधर शिक्षक होतों. ही लाज मी लपवीत नाहीं.

आतां हा रोग म्हणजे काय तें पाहूं. आपण खातों त्या भाताचें, भाकरीचें व फळांचें पोटांत पचन होऊन त्यांतून एक साधी साखर निघते. तिला ग्लुकोज म्हणतात. ती रक्तावाटे शरीरभर फिरते. आपल्या देहाचें सरपण तें हेंच. परंतु सरपण अंगणांत पडून राहिलें तर चूल पेटत नाहीं. तें घरांत न्यावें लागतें. त्याचप्रमाणें ही साखर रक्तांतून पेशींच्या आंत जावयास हवी. ती आंत घेण्याची सूचना देणारें द्रव्य जठराच्या मागें असलेल्या स्वादुपिंडांत तयार होतें. त्यास इन्शुलिन म्हणतात. तें तयार होईनासें झालें, किंवा तयार होऊनही शरीर त्याची सूचना पुरती मानीनासें झालें, म्हणजे साखर रक्तांतच सांचून राहते. पहिला प्रकार बहुधा लहान वयांत होतो, व त्यांत इन्शुलिन टोंचून घेण्यावांचून गत्यंतर नसतें. दुसरा प्रकार बहुधा मोठ्या वयांत होतो, आणि मधुमेही माणसांपैकीं बहुतेक याच प्रकारांत मोडतात. सांचलेली साखर रक्तवाहिन्या व मज्जातंतु यांना हळूहळू इजा करते. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडें, हृदय, मेंदू आणि पाय हीं तिचीं ठिकाणें होत. माझ्या वडिलांना कांटा समजला नाहीं, याचें कारण त्यांच्या पायांतील मज्जातंतूंची वाचाच बसली होती.

हा रोग लठ्ठ व श्रीमंत माणसांचा, शहरांत गादीवर बसून व्यापार करणारांचा, अशी एक जुनी समजूत आहे. ती आतां टाकून द्यावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचा जो अहवाल सन २०२३ मध्यें प्रसिद्ध झाला, त्यांत देशांतील मधुमेही माणसांची संख्या सुमारें १० कोटि १० लक्ष, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची संख्या सुमारें १३ कोटि ६० लक्ष दिली आहे. याच पाहणीच्या पहिल्या भागांत, म्हणजे सन २०११ मध्यें, महाराष्ट्राच्या ग्रामीण भागांत प्रौढांपैकीं दर शेंकडा सहा-सात माणसें मधुमेही आढळलीं होतीं. आपल्या लोकांच्या अंगावर चरबी थोडी दिसली तरी ती पोटाभोंवतीं जमण्याचा कल अधिक असतो, म्हणून सडपातळ माणसालाही हा रोग गांठतो. आपल्या मुलखाची साक्ष पाहा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं स्थापन केलेल्या गडचिरोलीच्या 'सर्च' या संस्थेनें जिल्ह्यांतील ८६ खेड्यांतील मृत्यूंचीं कारणें शोधलीं. सन २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत सर्वांत अधिक मृत्यु पक्षाघातानें झालेले दिसले. पक्षाघाताचें प्रमुख कारण वाढलेला रक्तदाब. मधुमेह हेंही त्याच्या कारणांपैकीं एक. तात्पर्य, ज्या रोगांना आपण शहराचे म्हणत होतों, ते जंगलाची वाट शिकले आहेत.

आतां या रोगाला बोलतें कसें करावें, याचा थोडा इतिहास. आपल्या प्राचीन वैद्यांना मूत्राचा गोडवा व त्याला लागणाऱ्या मुंग्या ठाऊक होत्या. मधुमेह हें नांवच त्यावरून पडलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं बेनेडिक्ट यांचें निळें द्रावण आलें. मूत्राचे कांहीं थेंब त्यांत घालून उकळले कीं साखरेच्या प्रमाणानुसार रंग हिरवा, पिवळा, नारिंगी व शेवटीं विटेसारखा तांबडा होतो. वरच्या वर्गांतील मुलांनीं हा प्रयोग प्रयोगशाळेंत पाहिला असेल. परंतु त्यांत एक मोठी उणीव होती. रक्तांतील साखर सामान्यतः १८० च्या पुढें गेल्याशिवाय ती मूत्रांत उतरत नाहीं. म्हणजे चोर अंगणांत आला तरी कुत्रा भुंकावयाचा नाहीं, माजघरांत शिरल्यावर मात्र भुंकेल. सन १९२१ मध्यें कॅनडा देशांतील टोरंटो येथें फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनीं इन्शुलिन शोधून काढलें, आणि जानेवारी १९२२ मध्यें लेनर्ड टॉमसन या चौदा वर्षांच्या, तुमच्याच वयाच्या, मरणोन्मुख मुलास तें प्रथम टोंचण्यांत आलें. तो पुढें तेरा वर्षें जगला. औषध हातीं आलें. परंतु तें किती द्यावें हें ठरविण्यास रक्तांतील साखर वेळोवेळीं कळली पाहिजे, आणि तें काम घरच्या घरीं करण्याची सोय होण्यास आणखी अर्धें शतक लागलें.

सन १९६२ मध्यें लेलंड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञानें एक युक्ति मांडली. विशिष्ट किण्वद्रव्य साखरेवर क्रिया करतें. त्या क्रियेचा मागोवा विजेच्या साह्यानें घेतां येतो. आजच्या ग्लुकोमीटरच्या पट्टींत मूळ तत्त्व हेंच आहे. पट्टीच्या टोंकाशीं तें किण्वद्रव्य वाळवून ठेविलेलें असतें. रक्ताचा थेंब त्याला लागला कीं क्रिया सुरू होते, अत्यंत सूक्ष्म वीजप्रवाह वाहतो, आणि साखर जितकी अधिक तितका तो प्रवाह अधिक. यंत्र तो मोजून थोड्याच सेकंदांत आंकडा दाखवितें. सन १९७० च्या सुमारास निघालेलें पहिलें यंत्र एक किलोहून अधिक वजनाचें होतें व तें डॉक्टरांच्या खोलींतच बसत असे. आज तें मुठींत मावतें.

हा आंकडा दर १०० मिलिलिटर रक्तांत किती मिलिग्रॅम साखर आहे हें सांगतो. रात्रभर उपाशी राहून सकाळीं तपासल्यास निरोगी माणसाचा आंकडा १०० च्या खालीं असतो. १०० ते १२५ हा उंबरठा. १२६ वा अधिक असल्यास मधुमेहाची शंका घ्यावी आणि दुसऱ्या तपासणीनें ती पक्की करावी. मात्र घरच्या यंत्राच्या आंकड्यावरून रोग ठरवूं नये. तें काम प्रयोगशाळेचें व डॉक्टरांचें. घरच्या चांगल्या यंत्रांतही दर शेंकडा पंधरापर्यंत मागेंपुढें होण्यास मुभा असते, म्हणून काल १६० आणि आज १६८ आलें यावरून हर्ष वा शोक करण्याचें कारण नाहीं.

यंत्र खरें बोलतें, पण तुम्ही त्याच्या पुढें जें ठेवाल त्याविषयींच बोलतें. गेल्या चैत्रांत मी मुलीस घेऊन धानोरा तालुक्यांतील माझ्या आत्याकडे गेलों होतों. आत्या पहाटेपासून मोहफुलें वेंचून नुकतीच घरीं आली होती. तपासणीचें नांव काढतांच ती हंसून म्हणाली, "मले काई होत नाई गा. पाय चालते, हात चालते, मंग बिमारी कोनती?" बऱ्याच आर्जवानंतर तिनें बोट पुढें केलें. यंत्रावर ३२८ उमटले. मी घाबरलों. एवढ्यांत नववींत शिकणारी माझी मुलगी म्हणाली, "बाबा, आजीचे हात धुवायचे राहिले." खरेंच होतें. मोहाच्या फुलांचा गोड रस बोटांना लागलेला होता, आणि यंत्रानें त्याचीही साखर मोजली होती. साबणानें हात धुऊन, कोरडे करून दुसरें बोट टोंचलें तेव्हां १७१ आले. तो आंकडाही दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता. पुढें आरोग्य केंद्रांत दोनदां उपाशीपोटीं तपासणी झाली, आणि पाय चालणाऱ्या, हात चालणाऱ्या माझ्या आत्यास मधुमेह असल्याचें ठरलें. पंधरा वर्षांपूर्वीं असें कोणी आमच्या वडिलांचें बोट धरलें असतें, तर काय झालें असतें, हा विचार त्या रात्रीं माझ्या मनांतून जाईना.

पट्टीची काळजीही घेतली पाहिजे. आपल्याकडे पावसाळ्यांत मीठ पाझरतें, काड्यापेटी सादळते; तशाच या पट्ट्याही सादळतात. डबीचें झांकण लगेच लावावें आणि डबीवरील मुदत पाहावी. एकानें वापरलेली सुई दुसऱ्यास कधींही लावूं नये.

दुसरी एक तपासणी आहे. ती मागील सुमारें तीन महिन्यांचा सरासरी हिशेब सांगते. रक्तांतील साखर तांबड्या पेशींच्या हिमोग्लोबीनला चिकटते. पेशींचें आयुष्य सुमारें १२० दिवसांचें, म्हणून चिकटलेल्या साखरेचें प्रमाण पाहिलें कीं मागच्या दिवसांचें वागणें कळतें. परीक्षेच्या आदल्या रात्रीं जागणाऱ्या विद्यार्थ्याप्रमाणें दोन दिवस पथ्य करून डॉक्टरांस फसवूं पाहणाराची लबाडी तेथें उघडी पडते. निरोगी माणसांत हें प्रमाण ५.७ टक्क्यांच्या खालीं असतें; ६.५ वा अधिक म्हणजे मधुमेह. परंतु आपल्या जिल्ह्यांतील पालकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपल्याकडे सिकलसेलचा आजार बऱ्याच घरांत आहे. त्या आजारांत तांबड्या पेशी लवकर मरतात, म्हणून ही तपासणी फसवी ठरूं शकते. साखर वाढलेली असूनही आंकडा चांगला दिसतो. घरांत सिकलसेल असल्यास तें डॉक्टरांस आधींच सांगावें.

येथवर कळण्याची गोष्ट झाली. कळणें आणि वळणें यांत मात्र मोठें अंतर आहे. चार वर्षांपूर्वीं मला स्वतःला हाच रोग असल्याचें निघालें. डॉक्टरांनीं गोळी दिली, भात कमी करा, रोज चाला, असें सांगितलें. मी दोन दिवस ऐकलें. आपला मुलूख धानाचा. भाताचा ढीग ताटांत पडल्याशिवाय जेवलों असें वाटत नाहीं. तेव्हां माझ्या मुलीनें प्रयोग सुचविला. तीन संध्याकाळीं जेवणापूर्वीं व जेवणानंतर दोन तासांनीं साखर पाहावयाची. पहिल्या दिवशीं नेहमीप्रमाणें भात जेवून मी खुर्चींत बसलों: १२८ चे २३६ झाले. दुसऱ्या दिवशीं भात निम्मा केला, वरण व भाजी दुप्पट घेतली: १३१ चे १८६ झाले. तिसऱ्या दिवशीं तसेंच जेवून अर्धा तास गांवाबाहेर फिरून आलों: १२६ चे १५८. हे आंकडे माझ्या शरीराचे; दुसऱ्याचे निराळे येतील. चालतांना पायांचे स्नायु रक्तांतील साखर ओढून घेतात, हें मी वर्गांत शिकविलें असेन. पण स्वतःच्या रक्तांत तें घडतांना पाहिलें तेव्हां खरें वाटलें. वीस वर्षांच्या उपदेशानें जें झालें नाहीं तें त्या तीन ओळींनीं केलें. लांबचें भय मनुष्यास उठवीत नाहीं. आज केलेल्याचें फळ आजच दिसलें तर तो उद्यां पुन्हा करतो. या यंत्राचें सामर्थ्य यांतच आहे.

दुसरें साधन मोबाईलवरील संदेश. चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांवर एक प्रयोग केला, व सन २०१३ मध्यें त्याचा अहवाल छापला. सर्वांना आरंभीं सारखाच उपदेश केला. नंतर निम्म्यांना आहार व व्यायाम यांविषयीं छोटे संदेश नियमितपणें फोनवर पाठविले. ज्याची मनाची जशी तयारी, तसा त्याला संदेश. दोन वर्षांनंतर संदेश न मिळालेल्यांपैकीं दर शेंकडा २७ जणांना मधुमेह झाला होता. संदेश मिळालेल्यांपैकीं १८ जणांना. चार शब्दांच्या संदेशानें एवढा फरक पडावा हें नवल खरें. परंतु घरांतील वडील मनुष्य रोज "जेवलास का, औषध घेतलेंस का" असें विचारतें, त्यानेंही हेंच होत नाहीं काय? सन २०१६ पासून भारत सरकारनेंही जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्यानें अशा संदेशांचा उपक्रम चालविला. मात्र चेन्नईचा प्रयोग केवळ पुरुषांवर व शहरी कामगारांवर झालेला होता, हें विसरूं नये.

आपल्या जिल्ह्यांत सरकारी कामाचा आरंभ बराच आधीं झालेला आहे. सन २०१० मध्यें कर्करोग, मधुमेह, हृदयरोग व पक्षाघात यांसाठीं राष्ट्रीय कार्यक्रम निघाला, तेव्हां देशभर निवडलेल्या पहिल्या १०० जिल्ह्यांत चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही होते. आतां आशाताई ३० वर्षांवरील माणसांच्या घरीं जाऊन एक तक्ता भरते: वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, अंगमेहनत व आईबापांचा आजार. गुण चारांपेक्षां अधिक झाले कीं त्या माणसास आधीं तपासणीस बोलावितात. ही नोंद आरोग्यसेविकेच्या टॅब्लेटमधून वरच्या दवाखान्यापर्यंत जाते, म्हणजे कोण औषधास आला नाहीं हें कळूं शकतें. सन २०१९ पासून 'ई-संजीवनी' या योजनेनें आरोग्य केंद्रांत बसून दूरच्या डॉक्टरांशीं पडद्यावर बोलतां येतें. एटापल्ली वा भामरागडच्या रुग्णाला हा केवढा दिलासा आहे, हें जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंतची वाट ज्यांनीं तुडविली त्यांना सांगावयास नको.

तथापि अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. डोंगराआडच्या गांवांत फोनला आवाज मिळत नाहीं. पुरानें रस्ता तुटतो तेव्हां औषधही तुटतें. पट्ट्यांना पैसे पडतात, म्हणून केवळ गोळ्या घेणारानें रोज दहा वेळां बोट टोंचण्याची आवश्यकता नाहीं. डॉक्टर सांगतील तेव्हां व तितकेंच पाहावें. दंडावर लावावयाचा एक संवेदकही आतां मिळतो. तो कातडीखालील द्रवांतील साखर दर कांहीं मिनिटांनीं मोजून फोनवर पाठवितो. इन्शुलिन घेणाऱ्या मुलांना तो फार उपकारक आहे. पण त्याची किंमत आपल्यांतील बहुतेकांच्या आवांक्याबाहेरची. आणि सर्वांत मोठी अडचण ही कीं बऱ्याच घरांत फोन एकच असतो, तो बाबांच्या वा दादाच्या खिशांत असतो, आणि रोग मात्र आईला असतो.

धोक्याच्या दोन सूचना द्यावयाच्या आहेत. पहिली: फोनवर जें येतें तें सारें खरें नसतें. अमुक पाला खा व गोळ्या सोडा, असे संदेश एका फोनवरून दुसऱ्यावर धांवत असतात. त्यांवर विसंबून औषध सोडणें म्हणजे भर पुरांत नाव सोडून देणें होय. सुई न टोंचतां साखर सांगणारीं घड्याळें व अंगठ्या यांच्या जाहिरातीही येतात. फेब्रुवारी २०२४ मध्यें अमेरिकेच्या औषध प्रशासनानें अशा वस्तूंवर विश्वास ठेवूं नये, असा उघड इशारा दिला. दुसरी सूचना: साखर वाढते तशी फार उतरूंही शकते. इन्शुलिन वा कांहीं गोळ्या घेऊन जेवण चुकलें, किंवा धानकापणींत अंगमेहनत अधिक झाली, तर घाम फुटतो, हात कांपतात, मनुष्य भ्रमिष्टासारखें बोलतो. आंकडा ७० च्या खालीं असल्यास, किंवा यंत्र जवळ नसेल तर नुसत्या लक्षणांवरूनही, शुद्धीवर असलेल्या माणसास तीन चमचे साखर पाण्यांतून द्यावी व पंधरा मिनिटांनीं पुन्हा पाहावें. बेशुद्धाच्या तोंडांत कांहींही घालूं नये. त्याला तत्काळ दवाखान्यांत न्यावें.

आतां तुमचें काम. तुमच्यांतील कित्येक जण आपल्या घरांत वाचतां येणारे पहिले आहेत. फोनवरील संदेश, यंत्रावरील आंकडा, औषधाच्या पाकिटावरील तारीख हीं तुमच्या आजीआजोबांसाठीं बंद दारें आहेत. तुम्ही तीं उघडावीं. या सुटींत घरांतील ३० वर्षांवरील प्रत्येकाला घेऊन उपकेंद्रांत जा व एकदां तपासणी करवून आणा. ज्यांना रोग आहे त्यांच्यासाठीं एक वही घाला: दिनांक, वेळ, आंकडा, आणि काय खाल्लें व किती चाललें. अॅप असेल तर उत्तम. नसेल तर रेघा मारलेली वही तेंच काम करते, आणि तिला वीज लागत नाहीं. रोज रात्रीं वडील माणसांचे तळपाय दिव्याच्या उजेडांत पाहा. जखम, फोड वा काळा डाग दिसल्यास त्याच दिवशीं सांगा. ही तपासणी कोणतेंही यंत्र करीत नाहीं. आणि आंकडा वाढलेला दिसला तर रागावूं नका. परीक्षेंत कमी गुण मिळाल्यावर तुम्हांस रागावणारापेक्षां जवळ बसून गणित समजावणारा अधिक प्रिय वाटतो. आईचेंही तसेंच आहे.

पालकांनाही एक विनंति. मूल वही घेऊन आलें तर "तुला काय कळतें" असें म्हणूं नका. भात कमी करावयाचा तो एकट्या रोग्याच्या ताटांतून नव्हे. घरांतील सर्वांनींच वरणभाजी वाढवावी, म्हणजे पंक्तींत कोणी एकटा पडत नाहीं.

माझ्या आत्यास अक्षरओळख नाहीं. तिच्या नातीनें वहींत आंकड्याशेजारीं चित्र काढण्याची प्रथा पाडली आहे: साखर ताब्यांत असेल तर धानाची लोंबी, वाढली असेल तर कांटा. मागील महिन्यांत मी गेलों तेव्हां आत्यानें पाणी विचारण्याच्याही आधीं वही पुढें केली, आणि बोटानें एकेक लोंबी मोजून दाखविली. अधूनमधून कांटे होतेच. परंतु त्या घरांत कांटा आतां पायांत मोडण्यापूर्वीं कागदावर दिसतो. तुमच्याही घरांत तो असाच वेळेवर दिसावा, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.